खाडीतला गाळ, सोन्याचे भस्म आणि आपले रक्त

दर सत्तावीस दिवसांनी पुष्य नक्षत्र येते, आणि महाराष्ट्रातल्या अनेक गावांत त्या दिवशी लहान मुलांना 'सुवर्णप्राशन' दिले जाते. मध, तूप आणि त्यात अगदी थोडे सोन्याचे भस्म. रायगड किनाऱ्यावरची गावेही याला अपवाद नाहीत. पूर्वी हे घरात किंवा वैद्याकडे होत असे, आता त्याची शिबिरे भरतात, आणि काही वेळा ती शाळेत किंवा अंगणवाडीतच भरतात. मग पालक विचारतात, "बाई, द्यावे का हो मुलाला? रक्त वाढते म्हणे." वरच्या वर्गातला एखादा विद्यार्थी त्याच सुमारास मोबाइलवर पाहिलेल्या 'चांदीच्या पाण्या'बद्दल विचारतो. त्यात म्हणे चांदीचे इतके बारीक कण असतात की ते रक्तातले सगळे रोगजंतू मारतात.

या प्रश्नांना दोन तयार उत्तरे असतात. एक, "सोने ते सोने, त्याने वाईट कसे होईल?" दुसरे, "धातू म्हणजे विष, अजिबात देऊ नका." ही दोन्ही उत्तरे धातूच्या नावावर थांबतात. रक्ताला नाव कळत नाही. धातू कोणत्या रूपात आला, कण केवढा आहे, त्यावर कशाचे आवरण आहे आणि त्यातून किती आयन सुटतात, एवढेच रक्तातल्या पेशींच्या वाट्याला येते. हे नीट समजून घ्यायचे तर आधी कलिल म्हणजे काय ते पाहू.

द्रावण नव्हे आणि निलंबनही नव्हे

पाण्यात मीठ विरघळले की त्याचे आयन होतात. त्यांचा आकार नॅनोमीटरहूनही लहान असतो. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाण्यात वाळू टाकली तर ती तळाशी बसते. या दोन टोकांच्या मध्ये, साधारण १ ते १००० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, कलिलाचे राज्य आहे. कण इतके मोठे असतात की प्रकाश विखुरतात, आणि इतके लहान असतात की पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांमुळे तळाशी बसत नाहीत. 'कोलॉइड' हा शब्द थॉमस ग्रॅहॅम या शास्त्रज्ञाने १८६१ मध्ये रूढ केला.

वर्गात हे दोन मिनिटांत दाखवता येते. काचेचे दोन ग्लास घ्या. एकात मिठाचे पाणी आणि दुसऱ्यात साधे पाणी घेऊन त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाका. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्चचा बारीक झोत सोडा. मिठाच्या पाण्यात झोताची वाट दिसत नाही, दुधाच्या पाण्यात ती स्पष्ट दिसते. दुधातले केसीन आणि स्निग्धांश कलिलरूपात असतात. आपले रक्तद्रवही प्रथिनांचे कलिलच आहे.

सोन्याचे कलिल मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये पद्धतशीरपणे तयार करून अभ्यासले. त्याचा रंग पिवळा नव्हता, माणकासारखा लाल होता. त्याने केलेले नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवले आहेत. आज मलेरियाच्या झटपट तपासणीच्या पट्टीवर जी लाल रेघ उमटते ती बहुधा अशाच सोन्याच्या कणांची असते. गावातल्या आशाताईंच्या पिशवीत ही पट्टी असते, ती मुलांना जरूर दाखवा.

धातू इतका बारीक झाला की त्याचे वागणे का बदलते? हिशेब करून पाहू. एक सेंटिमीटर बाजू असलेला सोन्याचा घन घ्या. त्याचे वजन सुमारे १९ ग्रॅम, म्हणजे आजच्या सराफी भाषेत जवळजवळ दोन तोळे. त्याचे पृष्ठफळ आहे ६ चौरस सेंटिमीटर. आता त्याचे १० नॅनोमीटर बाजूचे चौकोनी तुकडे केले असे समजा. सोने तेवढेच राहिले, पण एकूण पृष्ठफळ झाले ६०० चौरस मीटर. कबड्डीचे एक मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, म्हणजे साडेचार मैदानांहून जास्त. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होतात. त्यामुळे जो धातू गोळ्याच्या रूपात निवांत पडून होता, त्याला कलिलरूपात देवघेव करायला प्रचंड जागा मिळते.

अंबा नदी समुद्राला भेटते तेव्हा

पेणहून वडखळमार्गे अलिबागला जाताना धरमतरचा पूल लागतो. ओहोटीला पुलाखाली दोन्ही काठांना मऊ चिखलाचे पट्टे दिसतात. अंबा नदीने डोंगरातून आणलेला हा गाळ आहे. पण तो नेमका इथेच का बसतो? खाडी रुंद होते आणि पाण्याचा वेग कमी होतो, हे एक कारण. दुसरे कारण कलिलाचे आहे.

चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांचा भार एकाच जातीचा असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि गोड्या पाण्यात तरंगत राहतात. खाडीत समुद्राचे खारे पाणी मिळते. मिठातले धन आयन या कणांभोवती जमतात आणि त्यांच्या भाराचा प्रभाव झाकून टाकतात. ढकलणारे बळ कमी झाले की कण एकमेकांना चिकटतात, गठ्ठे होतात आणि खाली बसतात. कलिल साकळते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हाही हेच घडते.

हा प्रयोग वर्गात करण्यासारखा आहे. बादलीभर पाण्यात शेतातली चिकणमाती ढवळा, दहा मिनिटे थांबा आणि वरचे गढूळ पाणी दोन ग्लासांत भरा. एका ग्लासात चमचाभर मीठ विरघळवा. तासाभराने दोन्हींची तुलना करा. मिठाच्या ग्लासातले पाणी आधी निवळलेले दिसेल. खाडीकाठची शाळा असेल तर मिठाऐवजी भरतीचे पाणी वापरूनही पाहता येईल.

आता हीच गोष्ट रक्तात घडते अशी कल्पना करा. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. आपल्या रक्ताचा खारटपणा सुमारे ०.९ टक्के मिठाच्या पाण्याएवढा असतो. समुद्राच्या मानाने तो चौथा हिस्सा आहे, पण उघड्या धातुकणांना साकळायला तेवढाही पुरतो. फॅरडेने पाहिले होते की लाल कलिलात मीठ टाकताच त्याचा रंग निळसर होतो, कारण कण एकत्र येऊ लागतात. त्याने आणखीही एक निरीक्षण केले. आधी जिलेटिन मिसळले तर मीठ टाकूनही रंग टिकतो. जिलेटिन हे प्रथिन कणाभोवती गुंडाळले जाते आणि त्याचे रक्षण करते. कलिलांवरच्या अशाच कामासाठी रिचर्ड झिग्मोंडी यांना १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तात शिरलेल्या धातुकणाचेही असेच होते. अल्ब्युमिन आणि इतर प्रथिने काही क्षणांत त्याभोवती जमतात. त्यामुळे रक्तपेशीला भेटतो तो नुसता धातू नसतो, प्रथिनांचे पांघरूण घेतलेला कण असतो. ते पांघरूण कशाचे आणि किती घट्ट, यावर पुढचे बरेच काही ठरते. यकृत आणि प्लीहा यांतल्या भक्षक पेशी असे कण ओळखतात, गिळतात आणि साठवून ठेवतात.

अर्थात हे रक्तात पोचलेल्या कणांचे झाले. तोंडावाटे घेतलेल्या सोन्याच्या कणांपैकी फारच थोडे आतड्यातून रक्तात जातात. कण जितका लहान तितकी शोषणाची शक्यता जास्त, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. बाकीचे सोने शौचावाटे बाहेर पडते.

पनवेल आणि भस्माच्या कसोट्या

रायगड जिल्ह्यात भस्मांचा विषय निघाला की पनवेलची आठवण होते. पनवेलच्या खाडीकाठी कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. वैद्याने स्वतःपुरते खल करून औषध तयार करायचे, या पद्धतीकडून कारखान्यातल्या उत्पादनाकडे जाणारे ते सुरुवातीचे पाऊल होते.

सोन्याचे भस्म करण्याची रीत रसशास्त्राच्या ग्रंथांत दिली आहे. आधी शोधन. सोन्याचे पातळ पत्रे तापवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत पुन्हा पुन्हा विझवायचे. मग मारण. एका पद्धतीत सोने पारा आणि गंधकाच्या कज्जलीबरोबर खलतात, लिंबाच्या रसात घोटून चकत्या करतात, त्या मातीच्या दोन परळांत बंद करतात आणि गोवऱ्यांच्या आचेत पुट देतात. असे अनेक पुट झाल्यावर लालसर तपकिरी भुकटी हाती येते. आचेत पारा आणि गंधक उडून जातात असे अपेक्षित असते. ते खरोखर किती गेले हे डोळ्यांना दिसत नाही.

भस्म नीट झाले की नाही हे ओळखायला जुन्या वैद्यांनी कसोट्या ठरवल्या होत्या. भस्म बोटाच्या रेषांत शिरले पाहिजे, ते रेखापूर्ण. पाण्यावर तरंगले पाहिजे, ते वारितर. त्यात धातूची चमक उरता कामा नये, ते निश्चंद्र. उपकरणे नसताना कणांचा बारीकपणा तपासण्याची ही युक्ती हुशारीची होती. पण प्रत्येक कसोटी नेमके काय सांगते हे आज आपण तपासू शकतो.

वारितर कसोटी घ्या. वाटीभर पाण्यावर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरवा. पावडरीची घनता पाण्याच्या अडीचपटीहून जास्त असूनही ती तरंगते. आता साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. पावडर बाजूला पळते आणि हळूहळू बुडू लागते. म्हणजे तरंगण्याचे कारण हलकेपणा नव्हते. पाण्याचा पृष्ठताण आणि पाण्याने न भिजणारे बारीक कण हे ते कारण होते. रेखापूर्ण कसोटीचेही तसेच. बोटाला खर न लागणारा कण ५० मायक्रॉनचाही असू शकतो. ५० नॅनोमीटरचा कण त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढा असतो. म्हणून या कसोट्या भुकटी बारीक आहे एवढे सांगतात. तिच्यात पारा उरला आहे का, हे त्या सांगू शकत नाहीत.

क्ष-किरणांच्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने सुवर्णभस्म तपासले गेले आहे. त्यातले सोने बहुतांशी धातुरूपातच असल्याचे आढळले. स्फटिककण काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर एवढे लहान असतात, पण ते सुटे नसतात. त्यांचे मायक्रॉनच्या मापाचे गठ्ठे झालेले असतात. म्हणजे भस्म हे फॅरडेच्या लाल कलिलासारखे सुट्या कणांचे कलिल नाही. 'आयुर्वेदात नॅनो तंत्रज्ञान होते' हे वाक्य हल्ली वारंवार ऐकू येते. ते वाचताना कण आणि गठ्ठा यांतला हा फरक लक्षात ठेवावा.

तांबडी पेशी आणि तिचे रक्षक

आता ज्या पेशीशी या कणाची गाठ पडायची ती पाहू. तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉन व्यासाची असते. तिला १३ मीटरच्या कबड्डीच्या मैदानाएवढी मोठी केली, तर ५० नॅनोमीटरचा सोन्याचा कण मोसंब्याएवढा होईल. या पेशीला केंद्रक नाही. त्यामुळे बिघडलेली प्रथिने बदलून नवी करण्याची सोय तिच्याकडे नाही. असेल त्या शिदोरीवर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात.

तिचे काम मात्र धोक्याचे आहे. ती पोटात लोह आणि ऑक्सिजन दोन्ही घेऊन फिरते. हिमोग्लोबिनमधले लोह ऑक्सिजन धरते आणि सोडते. पण रोज एक ते तीन टक्के हिमोग्लोबिनच्या बाबतीत गडबड होते. ऑक्सिजन सुटताना लोहाचा एक इलेक्ट्रॉन पळवतो आणि सुपरऑक्साइड हा मुक्त मूलक तयार होतो. असे मूलक पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूंवर हल्ला करतात. आवरण कडक होते, फाटते आणि हिमोग्लोबिन बाहेर सांडते.

हे टाळण्यासाठी पेशीत प्रतिऑक्सिडीकारकांची फळी असते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे एंझाइम सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते. कॅटलेज हे दुसरे एंझाइम त्या पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. तिसरा रक्षक ग्लुटाथायोन हा लहानसा रेणू. त्यातल्या गंधकाच्या टोकावर तो मूलकांचा मारा झेलतो.

यात धातूंची एक गंमत दडलेली आहे. गुरांच्या रक्तपेशींतून तांबे असलेले एक निळसर प्रथिन १९३८ मध्येच वेगळे केले गेले होते, पण त्याचे काम काय ते कोणाला माहीत नव्हते. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवून दिले की हेच सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. त्यात तांब्याबरोबर जस्तही असते. कॅटलेजमध्ये लोह असते. म्हणजे पेशीचे रक्षकच धातूच्या जोरावर काम करतात. पण हे धातू प्रथिनाच्या खोबणीत पक्के बांधलेले असतात. तेच लोह किंवा तांबे सुटे झाले, तर पेरॉक्साइडपासून त्याहून कितीतरी जास्त विध्वंसक असा हायड्रॉक्सिल मूलक बनतो. लोह आणि पेरॉक्साइड यांची ही जोडी फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णन केली होती. चुलीतला विस्तव स्वयंपाक करतो आणि चुलीबाहेर पडला तर घर जाळतो, तसे हे आहे.

चार धातूंच्या चार तऱ्हा

तांबे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते पोटात गेले तर तांब्याचे आयन तांबड्या पेशींत शिरतात, ग्लुटाथायोन संपवतात आणि पेशी फुटतात. मोरचुदाच्या विषबाधेत रक्तक्षय होतो तो यामुळे. महाराष्ट्राने तांब्याचे एक वेगळे रूपही पाहिले आहे. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार पूर्वी आपल्याकडे आढळत असे, त्याला 'इंडियन चाइल्डहुड सिर्‍होसिस' म्हणत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित आणि इंग्लंडमधील स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात या मुलांच्या आहाराचा मागोवा घेतला. तेव्हा कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या, साठवलेल्या दुधाकडे बोट गेले. दुधातले केसीन हे कलिलरूप प्रथिन भांड्यातले तांबे धरून ठेवते, आणि असे दूध तान्ह्या वयात दिले की ते तांबे बाळाच्या यकृतात साठत जाते. घरोघरी स्टीलची भांडी आली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

चांदी. चांदीच्या वाट्या काळ्या पडतात, कारण चांदीला गंधकाची ओढ आहे. रक्तपेशीतल्या ग्लुटाथायोनमध्ये आणि पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांत गंधकाचे गट असतात. चांदीचे आयन त्यांनाच जाऊन चिकटतात. परीक्षानळीतल्या प्रयोगांत चांदीच्या नॅनोकणांनी त्याच वजनाच्या जाड कणांपेक्षा जास्त तांबड्या पेशी फोडल्या, आणि त्याचा संबंध कणांतून सुटणाऱ्या आयनांशी होता. भाजलेल्या जखमेवरच्या मलमात चांदी उपयोगी पडते, कारण तिथे जंतू मारायचे असतात. पण रोज पिण्याच्या 'चांदीच्या पाण्या'ने सिद्ध झालेला फायदा नाही, आणि दीर्घकाळ घेतल्यास त्वचा कायमची निळसर करडी होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच अशी उत्पादने सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत असे जाहीर केले. मार्च २०२० मध्ये कोविडवरचे औषध म्हणून ती विकणाऱ्यांना नोटिसाही पाठवल्या.

शिसे. शिसे रक्तात आले की हिमोग्लोबिन तयार करण्याच्या साखळीतले एक एंझाइम बंद पाडते. त्यामुळे मूल फिकट पडते, आणि मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम तर भरून न येणारा असतो. या धातूचा चांगला असा कोणताच डोस नाही.

सोने. धातुरूप सोने सहजासहजी आयन सोडत नाही, म्हणून ते या चौघांत सर्वांत शांत. पण सोन्याचे क्षार तसे नाहीत. फ्रान्समध्ये जाक फोरेस्तिए यांनी १९२९ पासून संधिवातावर सोन्याचे क्षार वापरले, आणि पुढे अनेक दशके ते औषध जगभर चालले. त्याचा उपयोगही होत असे. पण काही रुग्णांत रक्तबिंबिका आणि पांढऱ्या पेशी घटत, क्वचित अस्थिमज्जाच काम थांबवत असे. म्हणून हे औषध चालू असताना वेळोवेळी रक्त तपासावे लागे. या क्षारांतले सोने ग्लुटाथायोनशी संबंधित काही संरक्षक एंझाइमांनाच अडवते. एकच मूलद्रव्य एका रूपात रक्तपेशींना स्पर्शही करत नाही आणि दुसऱ्या रूपात त्यांची संख्या घटवते.

प्रयोग काय सांगतात

सुवर्णभस्मावर प्रयोग झाले आहेत, आणि ते मोकळ्या मनाने पाहिले पाहिजेत. कोलकात्यातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात उंदरांना काही काळ सुवर्णभस्म दिले. त्यांच्यात सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटलेज यांची क्रियाशीलता वाढलेली आढळली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील विली पॉल आणि चंद्र शर्मा यांनी २०११ मध्ये भस्माचा रक्ताशी थेट संपर्क तपासला. तांबड्या पेशी फुटतात का, रक्तपेशींचे गठ्ठे होतात का, हे त्यांनी पाहिले. तसा अपाय दिसला नाही.

मग 'भस्माने रक्त सुधारते' असे म्हणावे का? इथे आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना थांबावे लागते, आणि शिक्षकांनीही वर्गात इथेच थांबावे असे आम्हाला वाटते.

प्रतिऑक्सिडीकारक एंझाइम वाढले याचे दोन अर्थ होऊ शकतात. गावात आगीचे बंब वाढले याचा अर्थ गाव अधिक सज्ज झाले असा होतो. किंवा गावात आगी वाढल्या म्हणून बंब मागवावे लागले, असाही होतो. नुसते बंब मोजून ते कळणार नाही. त्यासाठी जळालेली घरे मोजावी लागतात. म्हणजे आवरणातल्या स्निग्ध रेणूंची नासाडी किती झाली, ग्लुटाथायोन शाबूत आहे का, हिमोग्लोबिन आणि पेशींची संख्या काय आहे, हे सगळे एकाच वेळी पाहावे लागते.

दुसरा मुद्दा तुलनेचा. सुवर्णप्राशनात मध आणि तूपही असते, आणि मधातही प्रतिऑक्सिडीकारक असतात. सोन्याचा परिणाम दाखवायचा असेल तर मुलांच्या एका गटाला सोने घातलेले आणि दुसऱ्याला सोन्याशिवायचे मध-तूप द्यायला हवे, आणि कोणाला काय मिळाले हे तपासणाऱ्याला ठाऊक नसावे. तिसरा मुद्दा परीक्षानळीचा. नळीत भस्म रक्तात सरळ मिसळतात. पोटात गेलेल्या भस्माला आधी जठररस आणि मग आतड्याची भिंत ओलांडायची असते. नळीतला 'अपाय नाही' हा निकाल दिलासा देणारा आहे, पण तो वर्षानुवर्षे दर महिन्याला देण्याचा दाखला होऊ शकत नाही. चौथा मुद्दा ज्याच्या त्याच्या रक्ताचा. काही मुलांत जन्मतःच जी-६-पी-डी या एंझाइमची कमतरता असते. त्यांच्या तांबड्या पेशींत ग्लुटाथायोन पुरेसे ताजे राहत नाही, आणि इतरांना सोसणारे औषधही त्यांच्या पेशी फोडू शकते.

आणि पाचवा मुद्दा शुद्धतेचा. प्रयोगशाळेतले भस्म आणि बाजारातली बाटली एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेली १९३ आयुर्वेदीय उत्पादने तपासली गेली. त्यांतल्या सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. भारतात बनलेल्या आणि अमेरिकेत बनलेल्या उत्पादनांत हे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. रसशास्त्रीय औषधांत ते इतरांच्या दुपटीहून जास्त होते. सोने शांत असले तरी त्याच्याबरोबर आलेले शिसे शांत नसते.

शाळेत विचारले तर

शिबिरासाठी वर्गखोली मागायला कोणी आले, तर मुख्याध्यापकांनी आणि शिक्षकांनी काही साधे प्रश्न जरूर विचारावेत. बाटलीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटक छापलेले आहेत का? एका थेंबात सोने किती? त्या बॅचमध्ये शिसे, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम तपासल्याचा अहवाल आहे का? देणारी व्यक्ती नोंदणीकृत वैद्य आहे का? पालकांची लेखी संमती घेतली आहे का? मूल एक वर्षाच्या आतले असेल तर त्याला मध देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण मधातल्या जंतुबीजांमुळे तान्ह्या मुलांत बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हे सोन्याच्या वादाशी संबंध नसलेले, पण तितकेच महत्त्वाचे कारण.

आणि 'रक्त वाढते म्हणे' या वाक्याला उत्तर देताना पालकांना हिमोग्लोबिनची तपासणी सुचवावी. मूल फिकट दिसत असेल तर त्याची सर्वांत नेहमीची कारणे लोहाची कमतरता आणि जंत ही आहेत. आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या आणि जंतांच्या गोळ्यांनी त्यांवर इलाज होतो. सोने हिमोग्लोबिनचा घटक नाही, त्यामुळे ते लोहाची जागा घेऊ शकत नाही.

आठवी-नववीच्या वर्गासाठी या सगळ्याचा एक छोटा प्रकल्प होऊ शकेल. मुलांना घरातल्या टॉनिकच्या, भस्माच्या, लोहाच्या औषधांच्या बाटल्यांवरची लेबले वहीत उतरवून आणायला सांगा. प्रत्येक लेबलावर धातू कोणता, तो मूलद्रव्य आहे की क्षार आहे, आणि एका मात्रेत तो किती, एवढे तीन रकाने करा. किती लेबलांवर तिन्ही रकाने भरता येतात हे मुलांना मोजू द्या. जिथे रकाना रिकामा राहील, तिथे काय विचारायचे हे त्यांचे त्यांनाच सुचेल.